रेकॉर्ड ऑफिसला गाऱ्हाणं

गेल्या पावसात आमच्या वाडीतली वीज गेली आणि परत यायचं नावच घेईना, तेव्हा तातू धुरी ट्रान्सफॉर्मरसमोर नारळ घेऊन उभा राहिला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, हात जोडलेले. आम्ही शेजारीपाजारी छत्र्या धरून मागे. तातूने घसा खाकरला आणि सुरुवात केली, "बा म्हाराजा, सबस्टेशनापासून हयसर येणाऱ्या तारेच्या राखणदारा..." मग खांबाचा मान झाला, वायरमनचा झाला, वायरमनच्या शिडीचा झाला, वाटेत कुठे फांदी पडली असेल तर त्या झाडाचाही झाला. शेवटी मागणं एवढंच, की काय वाकडं झालं असेल ते सरळ कर आणि लेकरांना उजेड दे. आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तातूच्या मते ती गाऱ्हाण्यानेच आली. मग एवढा उशीर का, असं मी विचारलं, तर म्हणाला की नव्या इंजिनिअर साहेबांना मान द्यायचा राहून गेला होता, चूक आपलीच.

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, असं आमच्या जिल्ह्याबाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला जोर द्यायचा. मागणं अगदी शेवटी येतं. त्याआधी ज्या ज्या जागेचा संबंध असेल, त्या त्या जागेच्या राखणदाराला नाव घेऊन मान द्यावा लागतो. राखणदार सगळीकडे असतो. बांधावर असतो, विहिरीवर असतो, वेशीवर तर असतोच. तो दिसत नाही, पण जागा सांभाळतो आणि आपल्याला कुणी विचारलं नाही तर रुसतो. देवळातल्या गाऱ्हाण्याचा मान धुऱ्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यात काही विशेष नाही. विशेष आहे तो तातू. कारण त्याने हे काम देवळाबाहेर काढलं.

तातूला साधेपणाने काही मागताच येत नाही. एसटी वेळेवर यावी म्हणून तो स्टँडवर गाऱ्हाणं घालतो. मोबाईलच्या टॉवरला घालतो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला म्हणून आला आणि हॉस्पिटलच्या लिफ्टपुढे हात जोडून उभा राहिला, कारण मला वर-खाली तीच नेणार होती. लिफ्टमधून बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंनीही घाबरून हात जोडले. आणि काहीही बिघडलं की त्याचं एक वाक्य ठरलेलं: "मान चुकलो, काम चुकला."

मी जातीची किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात खुरीस, म्हणजे क्रूस आहे, पांढरा चुना लावलेला. मे महिन्यात आम्ही तिथे लदीन, म्हणजे आमची सामुदायिक प्रार्थना, म्हणतो, मेणबत्त्या लावतो, मग उकडलेले चणे वाटतो. लदीन संपली की तातू पुढे होतो आणि "बा सायबा खुरसा" म्हणून सुरू करतो. त्यात आमच्या पाद्रींचा मान असतो, गोव्याहून आलेल्या आमच्या पाहुण्यांचा असतो, आणि चणे शिजवणाऱ्या बाईचाही असतो. पाद्री पहिल्या वर्षी जरा दचकले होते. आता तेच सगळ्यांत आधी "व्हय म्हाराजा" म्हणतात.

तातू आणि मी पहिलीपासून चौथीपर्यंत एका वर्गात. तेव्हा तो मागच्या बाकावरून माझी वेणी ओढायचा. पुढे मी सावंतवाडीला शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले, आणि त्या दिवसापासून त्याने मला अहो-जाहो सुरू केलं. मी कितीही सांगितलं तरी मी "टीचर" आणि "तुमी". वेणी ओढलेल्या माणसाने अहो म्हणावं हे मला अजून पचलेलं नाही. पण मानाच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

लग्न त्याने केलं नाही, म्हणजे झालं नाही. तरुणपणी मुली पाहायला जायचा. चहापोहे झाले की मुलीकडचे म्हणत, काय बोलायचं असेल ते बोला. तातू उठून उभा राहायचा आणि मुलीच्या गावच्या सगळ्या देवतांना मान द्यायला लागायचा. मागण्यापर्यंत, म्हणजे मुलीपर्यंत, पोचायच्या आत मंडळींचा धीर सुटायचा. पुढे बोलावणीच बंद झाली. तो आणि त्याची आई, आम्ही सगळे तिला माई म्हणतो, असे दोघंच त्या घरात राहतात. माईने नव्वदी ओलांडली आहे. ती पडवीतल्या खाटेवर असते आणि तिथूनच घर चालवते. तातू पेज करतो, माशांची आमटी करतो, आणि माई खाटेवरून मीठ जास्त झाल्याचं सांगते.

तर हा माणूस गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी माझ्या दारात आला आणि गप्प उभा राहिला. माझ्या घराचा मान नाही, उंबऱ्याचा नाही, काही नाही. मला वाटलं, माई गेली.

"टीचर," तो म्हणाला, "मिल्ट्रीच्या ऑफिसाक इंग्लिशीत एक अर्ज व्हयो."

त्याला बसवलं, चहा दिला, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं.

तातूचे वडील भिकाजी धुरी पलटणीत होते. हवालदार होऊन घरी आले, भातशेती केली, आणि काही वर्षांपूर्वी झोपेतच गेले. ते नोकरीत असताना त्यांच्या पत्रावर गावाचं नाव कधीच नसायचं, नुसता सैन्याच्या पोस्टाचा आकडा. नवरा नेमका कुठे उभा आहे हे माईला कधी कळलं नाही. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर जागेचं नाव हवं, आणि तेच नव्हतं. मग माईने आपल्या मनाने आंगवण केली. आंगवण म्हणजे नवस. तो जिथे कुठे उभा असेल, तिथल्या राखणदाराने त्याला सांभाळावं, तो धड परत आला की त्या प्रत्येक राखणदाराला एकेक नारळ देईन.

नवरा धड परत आला. पण कुठून कुठून आला हे काही सांगेना. हवालदारबाबा बोलायला गोड माणूस, फक्त नोकरीचं विचारलं की ते तिथल्या जेवणाचं सांगत. एका ठिकाणी भात मिळायचा नाही. एका ठिकाणी कांदे फार गोड होते. एका ठिकाणी चहा कपात ओतेपर्यंत गार व्हायचा. जागेचं नाव विचारलं की "लांब होता" एवढंच. माईने आयुष्यभर विचारलं, त्यांनी आयुष्यभर कांद्यांचं सांगितलं, आणि ते तसेच निघून गेले.

आता माईचा जीव त्या नारळांत अडकला होता. देवाचं शब्दाला जागणं झालं, आपलं राहिलं, आणि असं तोंड घेऊन वर कशी जाऊ, असं ती रोज संध्याकाळी तातूला विचारी. कुणीतरी तातूला सांगितलं होतं की माणूस वारला तरी त्याच्या नोकरीची नोंद पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात असते आणि घरच्यांनी मागितली तर मिळते. माईची पेन्शन वेळेवर येत होती, तिथे काही तक्रार नव्हती. तातूला हवी होती ती फक्त गावांची नावं.

मी म्हटलं, आत्ता लिहूया.

पहिला प्रश्न वडिलांच्या सैन्यातल्या नंबराचा. तो पेन्शनच्या कागदावर होता, पण तातूचा कागदावर विश्वास नाही. तो मला न्हाणीत घेऊन गेला. चुलीवर पाण्याचा तांब्याचा हंडा होता, पिढ्यांची काजळी चढलेला. भांड्यावर नाव घालायची पद्धत आपल्याकडे आहेच, हवालदारबाबांनी नावाऐवजी नंबर घातला होता. हंड्यावर, कळशीवर, ताटांवर, भात मोजायच्या मापावरसुद्धा. पातेलं शेजारी गेलं तर नंबर सांगून परत आणता येतं, असं ते म्हणत. तातूने हंडा उपडा केला, चिंच आणि राख घेऊन घासायला बसला, आणि मी चष्मा लावून आकडे उतरवले. पेन्शनच्या कागदाशी ते तंतोतंत जुळले. तातू म्हणाला, बरं झालं, कागद खरा निघाला.

मग अर्ज. मी इंग्रजीत लिहायला पेन उघडलं, तर तातू उभा राहिला, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि सांगू लागला.

"बा म्हाराजा, रेकॉर्ड ऑफिसाच्या मोठ्या दरवाज्याच्या राखणदारा, बंदूक घेवन उभ्या रवलेल्या जवाना..."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, तातू, हा अर्ज साहेबांना आहे. तो म्हणाला, साहेबांपर्यंत अर्ज जाणार कुठून, गेटवरूनच ना? गेटवाल्याला न विचारता आत गेलेला कागद कधी बाहेर येतो का? त्याने मग गेटनंतर टपाल घेणाऱ्याचा, शिक्का मारणाऱ्याचा, कपाट उघडणाऱ्याचा आणि कपाटाच्या किल्लीचा मान सांगितला. कर्नलसाहेबांचा नंबर लागेपर्यंत माझा चहा गार झाला. मी शिक्षिकी आवाज काढला आणि सांगितलं की हे काही मी लिहिणार नाही. शेवटी मी एका पानाचा सरळ अर्ज लिहिला, हवालदार अमुक, नंबर अमुक, मी त्यांचा मुलगा, त्यांच्या नेमणुकीच्या जागा कळाव्यात. तातूने सही केली, पण चेहरा असा, जणू मी त्याला लग्नाच्या पंगतीत उभ्याने जेवायला लावलं होतं.

अर्ज गेला. आणि काही आठवड्यांनी परत आला.

सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की नोंदीप्रमाणे हवालदार धुरी यांच्या सर्वांत जवळच्या नातलग म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या हयात असल्याने अर्ज त्यांच्या नावाने यावा, सोबत हवालदारांच्या मृत्यूचा दाखला आणि पत्नीचा फोटो जोडावा. मी पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, तातू खट्टू होईल. त्याने कपाळावर हात मारून घेतला, पण आनंदाने.

"बगलात, टीचर? मान चुकलो. पयलो मान माईचो, आणि मीच मदीं घुसलंय."

त्या दिवसापासून रेकॉर्ड ऑफिसबद्दल त्याला जो आदर वाटायला लागला तो आजतागायत आहे. वाडीत भेटेल त्याला तो सांगत सुटला की हे ऑफिस आपल्या देवळासारखं चालतं, तिथे कोण आधी कोण नंतर हे बघतात, नाहीतर आमची ग्रामपंचायत बघा. सरपंचाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो दोन दिवस तातूशी बोलला नाही.

माईचा फोटो काढणं हे वेगळंच प्रकरण झालं. मालवणहून फोटोवाला बोलावला. माई म्हणाली, असा कसा काढू, मिल्ट्रीवाले बघतील. तिला हिरवं लुगडं हवं, नाकात नथ हवी, आणि केसांत अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, हवाच. विधवेला हे कसं चालेल असं कुणी म्हणू नये, मिल्ट्रीच्या कागदात तिला पत्नी म्हटलं होतं. मी म्हटलं, माई, अर्जाच्या फोटोत फक्त चेहरा येतो. ती म्हणाली, केस चेहऱ्याच्या वरच असतात. वळेसार मी माझ्या कुंपणावरच्या अबोलीचा करून दिला. फोटोवाल्याने हसायला सांगितलं तर माईने त्याला झापलं, घोव वारल्याच्या कागदावर हसतात काय? मग तो फोटो असा आला आहे की कर्नलसाहेबांनी तो पाहून खुर्चीत ताठ बसावं.

अंगठा उमटवायचं मी सुचवलं, तेव्हा माईचा आणखी अपमान झाला. नवऱ्याच्या मनीऑर्डरी घ्यायला पोस्टमनसमोर अंगठा देण्याची लाज वाटते म्हणून ती त्या काळात सही शिकली होती. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, तातू खालच्या बाजूने कागद धरून होता. एकेक अक्षर ती दम घेत काढत होती. सगळी सकाळ त्यात गेली. पण सही अशी गोल गरगरीत आली की मी माझ्या शाळेतल्या पोरांना दाखवली असती.

दुसरा अर्जही मीच लिहिला. पाकीट मात्र तातूने बंद केलं, आणि बंद करताना त्याने काय केलं हे मला नंतर कळलं.

ते कळलं फोनमुळे. अर्जावर मी माझा नंबर दिला होता, कारण तातूच्या फोनला फक्त फणसाखाली रेंज येते. एका दुपारी घाटापलीकडून फोन आला. रेकॉर्ड ऑफिसातले सुभेदार होते, आवाजावरून देशावरचे असावेत. त्यांनी आधी माझी चौकशी केली, मग जरा थांबून विचारलं की अर्जाच्या मागे मराठीत लिहिलेलं दुसरं पान कुणाचं? तातूने आपलं सगळं गाऱ्हाणं, गेटवरच्या राखणदारापासून कपाटाच्या किल्लीपर्यंत, स्वतःच्या अक्षरात लिहून पाकिटात सरकवलं होतं. मी माफी मागायला लागले. म्हटलं, साहेब, आमच्याकडचा माणूस जरा तसा आहे.

सुभेदार म्हणाले, माफी कसली बाई. आमच्याकडे रोज ढिगाने अर्ज येतात. गेटवरच्या पोराला आजवर कुणी नमस्कारसुद्धा लिहिला नव्हता. त्याने त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली आहे, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो नाईक दिवसभर छाती काढून फिरतोय. मग ते कामाचं बोलले. हवालदार धुऱ्यांच्या जागांची यादी पाठवतो म्हणाले. काही वर्षांच्या पुढे मात्र नुसतं "फील्ड एरिया" लिहिलेलं आहे, तिथलं गाव कागदात नाही, त्याचं नाव सांगता येणार नाही. फोन ठेवण्याआधी त्यांनी हळूच विचारलं, तुमच्या गाऱ्हाण्यात बदलीचं मागता येतं का?

मी तातूला हे सगळं सांगितलं. शेवटच्या प्रश्नावर तो गंभीर झाला आणि म्हणाला, येतं, पण त्यांना आधी नारळ पाठवावा लागेल.

यादी आली. मी पडवीत बसून माईला वाचून दाखवली. लडाख होतं, जैसलमेर होतं, आसामात तेजपूर होतं, मध्ये नाशिकजवळचं देवळालीही होतं. मग कांदे तिथलेच, असं माई लगेच म्हणाली. प्रत्येक नावाला ती एकदा ते नाव उच्चारून बघायची. लडाख तिला पटकन आलं, जैसलमेर येईना. तिथे काय असतं, तिने विचारलं. मी सांगितलं, नुसती वाळू, आपल्या चिवल्याच्या किनाऱ्यासारखी, पण समुद्र नाही. समुद्र नाही हे ऐकून तिला वाईट वाटलं. एवढी वाळू बघून माणूस समुद्र शोधत असेल, म्हणाली.

नारळ तातूने आपल्याच माडाचे उतरवले. ठरल्या दिवशी त्याने खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, शेणाने सारवलं. मला शाळेतला भारताचा नकाशा आणायला सांगितला, कारण प्रत्येक राखणदाराकडे तोंड करून उभं राहायचं होतं आणि दिशा चुकली तर सगळंच फुकट. मी नकाशा अंगणात पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि तातूला उत्तरेकडे वळवलं. शेजारची माणसं जमली. माईला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. तिने पुन्हा हिरवं लुगडं नेसवून घेतलं होतं.

त्या दिवशीचं गाऱ्हाणं मी जन्मात विसरायची नाही. लडाखच्या राखणदाराला तातूने सांगितलं की, तू बर्फातला, तुला आमचा नारळ ठाऊक नसेल, आत गोड पाणी असतं, गोठायच्या आधी पिऊन घे. जैसलमेरच्या राखणदाराला सांगितलं की तुझ्याकडे समुद्र नाही हे ऐकून आमच्या माईला फार वाईट वाटलं, कधी सवड झाली तर इकडे ये. देवळालीच्या राखणदाराला कांद्यांबद्दल आभार. आम्ही दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होतो आणि हसतही होतो, आणि तातूला त्या हसण्याचं काही वाटत नव्हतं. फील्ड एरियाची पाळी आली तेव्हा त्याने दोन नारळ घेतले. म्हणाला, ज्या जागेचं नावसुद्धा कुणी लिहीत नाही तिथल्या राखणदाराला आजवर कोण विचारणार? त्याला दुप्पट मान. तो कुठल्या दिशेला तोंड करणार हे बघायला आम्ही थांबलो. तातू जागच्या जागी हळूहळू गोल फिरला, सगळ्या दिशांना हात जोडले, आणि दोन्ही नारळ एकदम फोडले.

माईचा चेहरा इतका निवला होता की मला वाटलं, झालं, आता पानसुपारी वाटायची. माणसं उठायला लागली. तेवढ्यात माई म्हणाली, "बसा. माजा गाऱ्हाणा ऱ्हवला."

तातू म्हणाला, "माई, तुजा काय ऱ्हवला? सगळ्यांचो मान झालो."

"तू गप," माई म्हणाली.

आमच्याकडे बायका चारचौघांत गाऱ्हाणं घालत नाहीत. पण नव्वदीच्या बाईला कोण अडवणार? तिने खुर्चीतूनच हात जोडले. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट.

"बा म्हाराजांनू, तुमी सगळे लांबसून माज्या खळ्यात इलात, म्हणान सांगतंय. माज्या घोवाक तुमी सांबाळलात. आता ह्यो माजो झील. गावाचा मागता, लायटीचा मागता, त्या लिफ्टीचा पण मागल्यान. सोतासाटी कदी तोंड उगडल्यान नाय. माज्या मागसून 'जेवलंस काय' म्हणान हेका कोण इचारूचा नाय. तुमच्यातल्या एकान परत जाव नये. हय ऱ्हवाचा आणि हेका बगूचा. बर्फातलो नको, तेका हयलो उकाडो सोसाचो नाय. दुसरो खंयचो पण चलात."

कुणी हसलं नाही. "व्हय म्हाराजा" म्हणायची वेळ आली होती, आणि सगळे सवयीने तातूकडे बघत होते. तातू खाली बसून फुटलेल्या नारळांची भकलं गोळा करत होता. भकलं टोपलीत भरून झाली तरी तो जमिनीवर हात फिरवत राहिला. त्याची पाठ हलत होती. गावभराच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या वाट्याचे दोन शब्दही म्हणता येत नव्हते. मला स्वतःचाच राग आला, की सगळे असे काय गप्प बसलो आहोत. मी वर्गातला मोठा आवाज काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा." मागोमाग सगळं खळं म्हणालं.

माई अजून आहे. त्या दिवसापासून तिला झोप चांगली लागते आणि आमटीतलं मीठ अजूनही जास्तच असतं. तातूने सुभेदारांना नारळ पाठवला, आणि त्यांची बदली खरोखरच त्यांच्या गावाजवळ झाली, त्यामुळे आता तो कुणाचं ऐकत नाही.

मी मात्र दुसऱ्या दिवसापासून दुपारी कुंपणापाशी जाऊन हाक मारायला लागले, "तातू, जेवलंस रे?" पहिल्या दिवशी तो चमकला. म्हणाला, टीचर, माई आहे ना अजून. मी म्हटलं, असू दे, मला सवय व्हायला हवी. मग बरेच दिवस तो नुसती मान हलवून आत जायचा. परवा तो कुंपणाशी आला, थांबला, आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच मला अहो-जाहो करायचं विसरला.

"नाय अजून. तू जेवलंस?"

आमचे हे वारल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी खोटंच हो म्हटलं, घरात आले, आणि दोन ताटं वाढायला घेतली.